जातानाचा स्पीड

इंटरनेटवाल्याने पिशवी खाली ठेवली आणि नेहमीचा पाठ केलेला धडा म्हणायला सुरुवात केली.

"काकू, तुमची आत्ताची लाइन तांब्याच्या तारेची. तिचा जमाना गेला. त्यापेक्षा हा वायरलेसचा डबा घ्या. भिंतीला भोक नको, तारांचं जंजाळ नको. साठपर्यंत स्पीड!"

असे अजून चार डबे खपले, की त्याचं महिन्याचं टार्गेट पुरं होणार होतं.

काकूंनी शेजारी बसलेल्या काकांना हातांच्या खुणांनी सगळं सांगितलं. काकांना जन्मापासून ऐकू येत नसे. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलेलं. त्यांनी नीट समजून घेतलं, मग दोन बोटं आधी स्वतःच्या छातीकडे आणली आणि पुन्हा छातीपासून खिडकीकडे नेली.

"ते विचारतायत, साठ म्हणजे येतानाचा स्पीड की जातानाचा?"

आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "येतानाचा," तो म्हणाला. "सिनेमे बघायला तोच लागतो."

"सिनेमे कोण बघतंय! आमची मुलगी लांब असते. तिलाही ऐकू येत नाही. बापलेक व्हिडिओवर हातांनी बोलतात. तिचे हात इकडे लख्ख दिसतात, पण यांचे हात तिकडे पोचेपर्यंत अडकतात. अर्धं वाक्य तिला दिसतच नाही."

त्याने मोबाइलवर जुन्या लाइनचा स्पीड मोजला. येताना चौदा, जाताना एकसुद्धा नाही. मग खिडकीत वायरलेसचा डबा लावून बघितलं. येताना अठ्ठावन्न, जाताना सहा. पुन्हा मोजलं, तर जाताना दोनच. काका वाकून आकडे वाचत होते. त्यांनी त्या दोनवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"संध्याकाळी सगळे घरी आले की आणखी पडेल," तो बोलून गेला. मग आता सुरुवात केलीच आहे म्हणून त्याने पुढचंही सांगून टाकलं. "तुम्हाला फायबर लागेल. काचेची तार. येताना-जाताना सारखाच स्पीड. जिन्यातल्या पेटीपर्यंत ती आलेलीच आहे. फक्त भिंतीला भोक पाडावं लागेल."

काकूंचे हात थांबायच्या आत काका उठले. शिलाई मशीन बाजूला सरकवून त्यांनी भिंतीवर खडूने फुली मारली.

दोन तासांनी आकडे आले, येताना शंभर, जाताना शंभर. काकूंनी लगेच मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती पडद्यावर आली. काकांचे हात आधी जपून, सावकाश चालले, मग भरभर. मुलीच्या भुवया वर गेल्या. तिचेही हात सुटले. काकांनी मांडीवर जोरात थाप मारली.

इंटरनेटवाला हादरला. "काय झालं काकू? अडकतंय का?"

"छे! भांडतायत."

"भांडतायत?"

"आम्ही हे घर विकून तिच्याकडे राहायला जावं, असं तिच्या मनात आहे. चार महिने हे नाही म्हणतायत, पण तिच्यापर्यंत पोचेल तर ना! लिहून कळवा म्हटलं, तर म्हणे लिहिलेला नकार फार कडक दिसतो." काकू पडद्याकडे बघत होत्या. "तिला वाटलं, बाबा तयार आहेत. तिने आमच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतलीये."

तो झाडू मागून घेऊन खाली सांडलेला चुना गोळा करू लागला. तो खुर्चीपाशी आला तेव्हा काकांनी नजर न हलवता दोन्ही पाय वर उचलले. हात चालूच होते.