खात्रीचे प्रायमर

ओढ्याकाठी अस्वल ट्रूडीच्या अंगावर चालून आलं. तिनं चाप ओढला. नुसतंच ‘टक्’. शेजारी उभ्या नवऱ्यानं, हार्लननं, बंदूक खांद्याला लावली. दोघांची काडतुसं तोच घरी भरायचा. ठिणगी पाडणारे खात्रीचे प्रायमर यंदा मोंटानात मिळेनात, म्हणून उरलेले त्यानं बायकोच्या काडतुसांत बसवले आणि स्वस्तातले, बेभरवशाचे स्वतःच्या. आता त्याचीच बंदूक उरली. देवाचं नाव घेऊन त्यानं चाप ओढला. धाडकन बार उडाला, अस्वलाच्या नाकापुढची माती उसळली आणि स्वारी झुडपांत पसार झाली. ट्रूडी कडाडली, “चिक्कू मेल्या! मला भंगारच देणार हे ठाऊक होतं. म्हणून सकाळी गुपचूप काडतुसांचे डबे बदलले, तरी माझंच फुसकं!” हार्लननं कपाळावर हात मारला. “अगं, चांगले तुझ्याच डब्यात होते.” ट्रूडीनं आपली बंदूक त्याच्या हातात कोंबली. “मग आधी सांगायला काय झालं होतं?”