आली का वं?

स्पीकरवर आवाज नीट ऐकू यावा म्हणून अश्लेषानं कूलर बंद केला आणि मे महिन्यातलं नागपूर खोलीत येऊन बसलं.

तपासायचं होतं ते एकच वाक्य. गेममधल्या नदीकाठच्या लेव्हलमध्ये एक म्हातारा घाटावर बसलेला असतो. पलीकडं नेणाऱ्या नावेची वाट पाहत असतो. खेळातली मुलगी जवळ आली की तो विचारतो, "आली का वं?" मुलगी तिथंच घुटमळली, तर थोड्या वेळानं पुन्हा विचारतो. असल्या पात्रांच्या तोंडी वाक्यं घालणं हे अश्लेषाचं काम.

ऑफिसातून अमोलचा फोन आला. "म्हाताऱ्याचा आवाज कोणाचा घेतला यार? एकदम खरा वाटून राहिला. आता कलाकार नको बोलवू, हाच ठेवू."

"बरं," ती म्हणाली. कोणाचा, ते सांगितलं नाही.

आवाज लहानूजींचा होता, तिच्या वडिलांचा. तात्पुरता म्हणून घेतला होता. त्यांना बोला म्हणून सांगावंही लागलं नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो टेबलावर ठेवला, झालं. घरात तो प्रश्न दिवसभर चालूच असायचा. तिनं फक्त मागचेपुढचे शब्द छाटले.

आताही बाहेरच्या खोलीतून तो आलाच. "तुही माय आली का वं?"

"येऊन राहिली बाबा. गांधीबागेत गेली, लुगडे पाहाले."

"एवढा टाइम काहून लागून राहिला तिले?"

"तिचं तुम्हाले माहीत नाही का? दहा दुकानं पालथी घातल्याबिगर येते का ते?"

लहानूजी हसले. मायच्या बाबतीत हे अगदी खरं होतं. म्हणजे होती तेव्हा.

माय जाऊन दोन उन्हाळे झाले होते. सुरुवातीला अश्लेषा खरं तेच सांगायची. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. बाबा रडायचे. दर वेळी, आत्ताच कळल्यासारखे. एका दुपारी तिला ते बघवेना, आणि त्या दिवशी माय पहिल्यांदा गांधीबागेत गेली. मग कधी शेजारी गेली, कधी काटोलला मामाकडं. गेममध्येही असंच करतात. तेच वाक्य सारखं आलं की ऐकणारा विटतो, म्हणून आलटून पालटून द्यायची. इथं ऐकणारा विटत नव्हता. लिहिणारीच विटली होती. खोटं आता बोलवत नव्हतं आणि खरं सांगायची छाती होत नव्हती.

तिनं लेव्हल सुरू केली. मुलगी घाटावर आली.

"आली का वं?" म्हातारा म्हणाला.

लहानूजी दारात येऊन उभे होते. अश्लेषानं वळून पाहिलं. आवाज ओळखला की काय? पण ते पलंगाच्या कडेला टेकले, चष्मा वर ढकलून पडद्याकडं पाहत राहिले.

"कोणाची वाट पाहून राहिला गा?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

अश्लेषाचा हात माउसवर तसाच राहिला, म्हणून मुलगी जागची हलली नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, "आली का वं?"

"कोण, गोपिका?" लहानूजी म्हणाले. गोपिका म्हणजे माय. "ते नाही येत गा आता. गेली ना ते. मीच आग देल्ली तिले, कन्हानच्या घाटावर. तुले कोणी सांगितलं नाही काय?"

ते रडले नाहीत. ओसरीवर बसलेल्या शेजाऱ्याची समजूत घालावी तसे बोलले. खरं तर अश्लेषालाच रडू यायला हवं होतं, पण तिला भीती वाटली. इतके दिवस आपण कोणापासून काय लपवत होतो?

"बाबा," ती म्हणाली.

"आली का वं?" पडद्यावरून आलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं, हे तिनंच बसवलं होतं.

लहानूजींनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मग तिच्या कानाशी वाकले आणि त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "याले समजून नाही राहिलं वं. उगाच रडन बिचारा. गांधीबागेत गेली म्हण."