तलाशी

जंगलातून परतणाऱ्या बायांची तलाशी नाक्यावरचा चौकीदार जातीनं घ्यायचा. डोक्यावरच्या मोळीकडं ढुंकूनही बघायचा नाही. "डिंक लपवला असन," म्हणत सरळ कमरेच्या ओटीत हात घालायचा, आणि घातलेला हात लवकर काढायचा नाही.

आज मात्र तलाशी संपता संपताच त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. खाजवून खाजवून रडकुंडीला आला, तेव्हा तो पारबताबाईच्या अंगणात येऊन बसला. असली खाज उतरवायला गावात तीच होती.

"खाजकुयली लागली भाऊ तुले," म्हणत तिनं त्याच्या हातांना ओलं शेण फासलं. "वाळू दे. शेणासंगं कुसळं निघून जातीन. कुठी घातले होते हात?"

"कुठी नाई," तो मान खाली घालून म्हणाला.

तो गेल्यावर पारबताबाईनं दार लावलं आणि लुगडं सैल केलं. कुयलीच्या शेंगा पळसाच्या पानात गुंडाळून ओटीत ठेवल्या होत्या, तरी तिचं पोट चट्ट्यांनी भरून गेलं होतं. सून दामिनी उरलेलं शेण लावायला बसली, तसे तिचे डोळे भरले.

"रडतं काऊन?" सासू म्हणाली. "हात बरे झाले का पुन्हा घालन तो."

दामिनीनं डोळे पुसले.

"घालू द्या, आत्याबाई. त्या दिवशी शेंगा माह्या ओटीत ठेवजा."