ओठांवरचं पीस

तिसऱ्या दिवशीही पीस हललं नव्हतं.

वेदीपुढे मेंढीच्या कातड्यावर प्लात्सीची मुलगी निजवलेली होती. जन्मली तीच मेलेली. तिच्या निळसर ओठांवर कोंबडीच्या पोटाखालचं एक पांढरं पीस ठेवलं होतं. या देवळातली मारियामाता असल्या लेकरांना क्षणभर श्वास परत देते, हे खोऱ्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पीस हललं, की पाद्रीबाबांनी लगेच डोक्यावर पाणी घालून नाव ठेवायचं. मग ते पोर दफनभूमीच्या भिंतीच्या आत, आपल्या माणसांत पुरता येतं. नाही हललं तर भिंतीबाहेर, बिननावाचं, शेळ्या चरतात तिथं.

प्लात्सीची आधीची दोन बाहेरच होती. या खेपेला त्याच्या बायकोनं, मेंजियानं, पोरीला स्वतः गुंडाळून त्याच्या पाठीवरच्या टोपलीत ठेवलं आणि त्याच्या कानात एक नाव सांगितलं. "पीस हलेपर्यंत हे तोंडातून काढू नका," ती म्हणाली. "आणि हिलाही बाहेरच ठेवणार असाल, तर घरी येऊन मला सांगू नका." मग तिनं पांघरूण तोंडावरून ओढून घेतलं. दोन दिवस बर्फ तुडवत, खिंड ओलांडून तो इथं आला होता. ते नाव अजून तोंडातच होतं.

पाद्रीबाबा नवे होते, शहरात शिकून आलेले. आल्या आल्या त्यांनी लेकरांच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या शेगड्या बंद केल्या. निखाऱ्यांच्या गरम हवेनं पीस हलतं, तो काही श्वास नव्हे, असं त्यांचं म्हणणं. दाराच्या फटींत त्यांनी घोंगड्या कोंबायला लावल्या. साक्षीला बसणाऱ्यांनी नाकातोंडाला फडकं बांधायचं, कुणाचा श्वास लेकरापर्यंत जाता कामा नये. ते स्वतःही बांधत. माणूस सरळ होता, त्याबद्दल त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती, आणि प्लात्सीला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

देवळात हाडं गोठवणारी थंडी होती. फडकी श्वासानं ओली होऊन कडक झाली होती.

"चाळीस वर्षं बसतेय मी इथं," साक्षीच्या तीन म्हाताऱ्यांतली थोरली, बार्ला, फडक्याआडून म्हणाली. "शेगड्या होत्या तेव्हा दुपारच्या आत हलायचं. आता मारियामातेलाच हुडहुडी भरली असेल, ती तरी काय करणार?"

"आजीबाई, देवाच्या घरात लबाडी नको," पाद्रीबाबा म्हणाले.

"थंडगार पोरीला ऊब द्यायची, तर ती लबाडी होय?"

पाद्रीबाबांनी बाहीतून बिशपसाहेबांचं पत्र काढलं आणि न उघडताच परत ठेवलं. "तीन दिवस, त्यावर घटकाभरही नाही, असा हुकूम आहे. दुपारची घंटा झाली की उचलायचं."

प्लात्सीनं पहाटे एकदा फडक्याची गाठ सैल केली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. एक फुंकर, बस. पण बापानंच फुंकलं तर ते नावाचं पाणी पोरीला लागू पडेल का, ही धास्ती होती. गाठ त्यानं पुन्हा घट्ट केली होती. आता तो स्वतःला शिव्या देत होता.

तो गुडघ्यांवर सरकत पाद्रीबाबांपाशी आला. "संध्याकाळपर्यंत, पाद्रीबाबा. पाया पडतो तुमच्या."

"तिला देव ओळखतो, प्लात्सी. त्याला पिसाची गरज नाही."

"देव ओळखेल हो. पण घरी बायको विचारेल, देव आपल्या पोरीला हाक काय म्हणून मारतो? तेव्हा तिला काय सांगू?"

वर घंटा वाजायला लागली. प्लात्सी एकेक टोला ऐकत राहिला, आणि शेवटचा टोलाही झाला.

शेवटची प्रार्थना म्हणायला पाद्रीबाबांनी तोंडावरचं फडकं सोडलं. गुडघे टेकले. पीस उचलायला ते पोरीवर वाकले आणि त्यांचा हात मध्येच थांबला. ते तसेच वाकून राहिले. एक पीस उचलायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. मग त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, अगदी बारीक, आणि पोरीच्या चेहऱ्यावरून गेली. पिसाचं एक टोक वर उठलं आणि परत बसलं.

"हललं," बार्ला म्हणाली.

"हललं," दुसरी म्हणाली. तिसरीला दोन वर्षांपासून हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. तीही म्हणाली, "हललं."

प्लात्सीनं वाफ पाहिली होती. पाद्रीबाबांनी मान वर केली, तेव्हा त्यानं पाहिलंय हे त्यांना कळलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी फडकं पुन्हा तोंडावर बांधलं. गाठ दोनदा सुटली. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"नाव सांग," ते म्हणाले. "लवकर."

प्लात्सीनं आपलं फडकं खाली ओढलं. इतके दिवस दातांआड धरलेलं नाव आता बाहेर निघेना. त्याला रडू फुटलं आणि रडण्याबरोबर ते आलं, सगळ्या देवळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"ब्रिदा."

त्याच्या श्वासानं पीस पोरीच्या ओठांवरून उडालं आणि दूर फरशीवर जाऊन पडलं. कुणीही तिकडे पाहिलं नाही.