उकडीचा पाव

"भाजताना तुटत नाही?" गुणाजीने विचारलं.

"आता नाही तुटत, साहेब. पयल्यांदा शेगडीवर धरला की भुगा व्हायचा." पेद्रूने कपाळावरचा घाम पिठाच्या हातानेच पुसला. "आता टोस्ट कसा होतो, कडक! बटर लावा, मोडणार नाही."

"आणि गव्हाचा कण नाही?"

"निव्वळ तांदूळ. आईशपथ."

काळाचौकीच्या त्या बेकरीत गुणाजी सकाळपासून साध्या कपड्यांत बसला होता. पण धोतर नेसलं म्हणून हवालदार लपतो थोडाच! पेद्रूने त्याला बुटांवरून ओळखलं होतं आणि गुणाजीने पेद्रूच्या पिठाला वासावरून. दारूबंदीच्या मुंबईत पीठ फुगवायला नारळाची माडी घालणाऱ्या माणसाला पोलिसाशी खोटं बोलणं परवडत नाही.

गुणाजीला हेमचंद्र हवा होता. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं छापणारा, रोज खोली बदलणारा हेमचंद्र. सगळी चौकी त्याच्या मागे होती आणि सगळी चौकी हात हलवत परत येत होती. गुणाजीला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. मागच्या अटकेत हेमचंद्र कैदेतून परळच्या इस्पितळात गेला, तेव्हा दाराशी पहाऱ्याला गुणाजीच होता. गव्हातल्या चिकट भागाने याची आतडी झिजतात, पोळीचा तुकडाही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं त्याने ऐकलं होतं. दुपारी भाकरी मिळाली की हा गडी खूश असे. पण सकाळी चहाबरोबर टोस्ट मिळाला नाही की लहान मुलासारखा रुसून बसे.

माणूस खोली बदलील, नाव बदलील, पोट कुठे ठेवील? हे ऐकून चौकीचे साहेब आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत आण त्याला. नाही आणलास तर तुझी बदली पार डांगाच्या जंगलात. नायगावच्या पोलीस लाइनीतली खोली दुसऱ्याला देतो."

त्या खोलीत गुणाजीची म्हातारी आई होती. बायको बाळंतपणाला गावी गेलेली. जानेवारीतल्या गोळीबारात आईच्या बहिणीचा मुलगा लवू गेला, तेव्हापासून आई गुणाजीशी धड बोलत नव्हती. "गोळी मी नाही झाडली," असं तो एकदाच म्हणाला होता. "टोपी तीच ना?" एवढंच ती म्हणाली. हल्ली तो चौकीतच झोपायचा. तरी खोली गेली तर म्हातारी कुठे जाईल, हा घोर त्याला जेवू देत नव्हता.

"पाव न तुटण्याची ही युक्ती तुला कुणी सांगितली?" त्याने पेद्रूला विचारलं.

"रोज पाव न्यायला पोरगी येते, नलू म्हणून. तिला कोणा म्हातारीने शिकवलं. मोदकाला काढतात तशी पिठाची उकड काढायची, मग मळायचं. तिथून जमलं."

गुणाजी चरफडला. गिरणगावात उकड न येणारी म्हातारी शोधून सापडली नसती.

एवढ्यात नलू आलीच. दोन वेण्या, हातात पिशवी. पेद्रूने मान खाली घालून कागदात गुंडाळलेला पाव तिला दिला. गुणाजी तिच्या मागे निघाला.

ती घाईत नव्हती. एकदा चप्पल नीट करायला थांबली, एकदा बांगड्यांच्या दुकानात डोकावली. लालबागच्या नाक्यावर गिरणी सुटली आणि रस्ता माणसांनी भरून गेला. कुणीतरी घोषणा दिली, शंभर गळ्यांनी ती उचलली. गुणाजी वेण्यांवर नजर ठेवून कोपराने वाट काढत होता.

"ए, याचे बूट बघा रे!" कुणीतरी ओरडलं. "पोलीस आहे!"

पहिला दगड पाठीत बसला, दुसरा कपाळावर. नलूने मागे वळून पाहिलं आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. गुणाजी पळत सुटला. डोळ्यात रक्त उतरत होतं आणि डोक्यात एकच विचार होता, संपलं. चौकी लांब होती. कधी नव्हे तो नायगावला घरी आला.

खोलीत आई एकटीच होती. रक्त बघून ती दचकली, पण कुणी मारलं असं तिने विचारलं नाही. जखमेत हळद दाबली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. कितीतरी महिन्यांनी तिचा हात त्याच्या कपाळाला लागला होता. दगड मारणाऱ्याचे उपकारच झाले, असं त्याला वाटून गेलं. त्याचे डोळे भरून आले.

"सकाळपासून पोटात काही नाही गं," तो म्हणाला.

आईने शेगडीकडे पाहिलं, मग दाराकडे. जरा वेळाने तिने ताटलीवरचं झाकण काढलं आणि चहाबरोबर ती त्याच्यापुढे सरकवली. तो न बघताच कडक तुकडे चावू लागला.

"उद्या शनिवार. तो माणूस सापडला नाही तर ही खोली गेली, आई. तुला गावाला जावं लागेल."

"आणि तो सापडलो तर?"

"तर राहिली. साहेबांनी शब्द दिलाय."

"तो खंय सापडलो, ता साहेब इचारूचे नाय?"

"कुठे का सापडेना!"

आई उठली. दाराला आतून कडी घालून ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"सावकाश खा, झिला," ती म्हणाली. "तो पाव तुझ्यासाठी नव्हता."