घरटी एक

रांग पार्किंगच्या खांबांना वळसा घालून जिन्यावर चढली होती. ढकलाढकली नव्हती, आरडाओरडा नव्हता. पुढचा सरकला की मागचा सरकत होता.

रांगेच्या तोंडाशी, खांबाला एक माणूस कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला होता. गच्चीवरचे पितळी नळ पिशवीत घालून उतरताना तो सकाळी सापडला, तेव्हा सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले होते. लाथा, काठ्या, कोणाच्या तरी हातात सळई. मध्ये घुसून ओरडल्या त्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. बिल्डिंगमधली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली.

"माणसं आहात की जनावरं? मारायचंच असेल तर रांगेत या. घरटी एक थप्पड, हातानेच. आणि मग पोलिसांना बोलवा!"

रांग म्हटलं की लाजतील, असं त्यांना वाटलं होतं. शाळेत हेच चालायचं. दंगेखोरांना रांगेत उभं केलं की त्यांचा जोर ओसरायचा. इथे माणसं लाजली नाहीत. रांगेत उभी राहिली.

"दूध गॅसवर ठेवून आलेय हो, मला पुढे सोडता का?" एकीने विचारलं. तिला सोडलं. तिने मारली, ओढणीला हात पुसला आणि "थँक्यू हं" म्हणत लगबगीने वर गेली.

"भाडेकरूंना आहे का?"

"आहे, पण मालकांनंतर," सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला. कोणी दोनदा येत नाही ना, ते बघत तो खांबाशेजारी उभा होता.

"आमच्या ह्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे. मी मारलेली चालेल ना?"

"घरातलं कोणीही चालेल, वहिनी."

एका बापाने लेकीला कडेवरून पुढे धरलं. "हळूच हं, पिल्लू."

"लहान मुलं नकोत!" बाई किंचाळल्या.

"बाईंचं बरोबर आहे," सेक्रेटरीने हाळी दिली. "लहान मुलांना बाजूला घ्या." मुलं मुकाट्याने बाजूला झाली. बाईंनी तोंड उघडलं की एक नियम वाढत होता, आणि नियम वाढला की रांग आणखी सरळ होत होती.

बांधलेल्या माणसाचा एक डोळा मिटला होता. कानातून आलेला ओघळ कॉलरपर्यंत पोचला होता. दर थपडेनंतर त्याची मान जरा उशिरा वर येत होती.

"पुरे आता," बाई म्हणाल्या. "पोलिसांना फोन कर. डॉक्टर लागणार आहे याला."

"करतो ना, बाई. रांग संपली की लगेच." सेक्रेटरीच्या आवाजात अदब होती. कधीकाळी तो त्यांच्या वर्गाचा मॉनिटर होता. "मागच्यांवर अन्याय नको. तुम्हीच नियम घालून दिलाय ना."

बाईंचा फोन वर घरात होता. फाटकाला चोर पळू नये म्हणून कुलूप घातलेलं. त्या जिन्याकडे वळल्या, तर पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कोणी सरकतही नव्हतं.

"वर कुठे निघालात, आई?" रांगेच्या कडेला उभी असलेली सून म्हणाली. "आपल्या घरची राहिलीय. तुम्हीच मारा. मला नाही बघवत असलं."

शेवटचा भाडेकरू मारून बाजूला झाला. सेक्रेटरीने खिशातून फोन काढला, आकडे दाबायला बोट उचललं आणि तसंच धरलं.

"बाई, तेवढी तुमची झाली की लावतो."

"मी मारणार नाही."

"असं कसं?" मागून एक आवाज आला. "म्हणजे आम्ही जनावरं, आणि तुम्ही तेवढ्या माणूस?"

कोणी हसलं नाही. रांग मोडली. माणसं पुढे सरकत खांबाभोवती गोळा व्हायला लागली. भिंतीला टेकवलेली सळई कोणाच्या तरी पायाला लागून खणकन वाजली.

बांधलेल्या माणसाने मान वर केली. "मारा, बाई," तो म्हणाला. फुटक्या ओठांतून शब्द धड येत नव्हते. "पटकन मारा. तुमच्यापायी अडलंय."

बाईंनी मारली. हात गालाला जेमतेम टेकला.

"ही नाही धरायची!" कोणीतरी म्हणालं. "आम्हाला तर शाळेत काय हाणायच्या!"

हशा पिकला. सूनही तोंडावर हात घेऊन हसली.

बाईंची कानशिलं तापली. त्या हसण्याचा, सुनेचा, त्या अदबशीर मॉनिटरचा, सगळ्यांचा त्यांना राग आला, आणि हाताशी तो बांधलेला एकटाच होता. थपडेचा आवाज पार्किंगभर घुमला. हशा गप्प झाला. त्याची मान एका बाजूला कलली आणि ती वर यायच्या आतच बाईंचा हात पुन्हा सुटला. मग पुन्हा.

सेक्रेटरीने फोन कानाला लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती. मोकळ्या हाताने त्याने बाईंचं मनगट अलगद धरलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमची झाली."