पुठ्ठ्याचे टॅब

"कपाट आज उघडणार नाही," मुख्याध्यापक, म्हणजे शाळेचे मोठे सर, म्हणाले आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभे राहिले. खिशात किल्ली होती. कपाटात टॅब होते. आणि कपाटासमोर शाळेतले समस्त शिक्षक हातात पुठ्ठे घेऊन बसले होते.

प्रशिक्षणाचा हा शेवटचा दिवस. मुलांकडून प्रकल्प करून घेताना टॅब कसा वापरायचा, हे शिकवायला प्रशिक्षक मॅडम आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी टॅब मागितले, तेव्हा मोठे सर म्हणाले, "आधी वापरायला शिका, मग हात लावा." मॅडमनी कपाळावर हात मारला आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून टॅब कापले. फक्त आजच्यापुरते, असं म्हणून. ते अजून चालू होते.

सरांचंही अगदीच चूक नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी मोठ्या हौसेने शाळेचा सूक्ष्मदर्शक मुलांच्या हातात दिला होता. तो त्याच दिवशी फुटला, आणि खुलासे लिहिता लिहिता सरांचे केस पिकले. आता निवृत्ती तोंडावर आली होती. जे ताब्यात घेतलं ते जसंच्या तसं पुढच्या माणसाच्या हवाली करायचं आणि सुटायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"पण सर, दुपारी तपासणीला शिक्षणाधिकारी साहेब येतायत," मॅडम काकुळतीला आल्या. "टॅब वापरात दिसले नाहीत तर ते दुसऱ्या शाळेला देऊन टाकतील. आपल्या मुलांनी अजून पाहिलेसुद्धा नाहीत हो!"

"पाहिले असते तर आत्तापर्यंत धड राहिले असते का?" सर म्हणाले.

शिक्षक मात्र पुठ्ठ्यांत रमले होते. चित्रकलेच्या सरांनी प्रत्येक पुठ्ठ्यावर पडदा रंगवून दिला होता, कोपऱ्यात बॅटरी फुल. खेळाचे सर काम अंगावर आलं की "माझा हँग झालाय" म्हणून पुठ्ठा खाली ठेवत. गणिताच्या बाईंनी आपल्या पुठ्ठ्याला पासवर्ड ठेवला होता आणि तो त्या कुणालाही सांगत नव्हत्या.

प्रकल्पाचा विषय होता, शाळेच्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत संपतं कसं? फोटो काढा, मोजमाप घ्या, आलेख तयार करा, असं मॅडमनी सांगितलं होतं. आता पुठ्ठ्यावर फोटो काढायचा म्हणजे समोर बसून चित्रच काढायचं. विज्ञानाच्या सरांचा एकेका नळाचा फोटो तासभर चालला. पण तेवढा वेळ टक लावून बसल्यामुळेच त्यांना दिसलं की जिन्याखालच्या नळामागून बारीक धार लागली आहे, आणि ती भिंतीच्या अंगाने गुपचूप गटारात चालली आहे. इतकी वर्षं सगळे त्या जिन्यावरून चढत-उतरत होते. गणिताच्या बाईंनी तिथे बादली लावली, घड्याळ हातात घेतलं, आणि पुठ्ठ्यावर आलेख चढू लागला. जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी उठेना.

दुपारी साहेब आले. पाणीही न घेता म्हणाले, "टॅब कुठायत?"

सरांचा हात खिशावर गेला. पण आता इलाज नव्हता. कपाट कुरकुरत उघडलं. आत टॅब, प्लॅस्टिकसकट, कोरे करकरीत. साहेबांनी एकाचं बटण दाबलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. सगळे निपचित.

"हे कधी चार्ज नाही केले?"

"वापरलेच नाहीत ना, साहेब," सर अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "मग बॅटरी उतरेल कशाला, असं वाटलं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "उद्या गाडी पाठवतो. सगळे परत द्या."

मोठ्या सरांचा चेहरा पडला. मॅडमना तर रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात गणिताच्या बाई ओल्या हातांनी आत शिरल्या. "सापडला चोर! टाकी रिकामी होते ती जिन्याखाली!" असं ओरडून त्यांनी समोर जो दिसला त्याच्या हातात पुठ्ठा कोंबला. तो दिसलेला माणूस साहेब होता.

साहेबांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "हे काय?"

"टॅब," खेळाचे सर म्हणाले.

साहेबांनी आलेख पाहिला, विज्ञानाच्या सरांच्या पुठ्ठ्यावरचा नळाचा फोटो पाहिला, मग ते थेट जिन्याखाली गेले. परत आले तेव्हा त्यांचे बूट भिजले होते आणि ते हसत होते.

"टॅब इथेच राहू देत. चार्ज करा आणि मुलांना द्या. आणि हे पुठ्ठे मला पुढच्या बैठकीत दाखवायचेत. एकाचाही कोपरा दुमडलेला चालणार नाही. जबाबदारी तुमची, मोठे सर."

साहेब गेले, पण मॅडमच्या जीवात जीव येईना. मोठ्या सरांना त्या पुरत्या ओळखून होत्या. सगळ्यांचा निरोप घेऊन त्या कपाटाच्या खोलीकडे वळल्या.

टॅब सगळे बाहेर होते. टेबलावर चार्जिंगला लागलेले, उघडेबोडके. भोवती मुलांची झुंबड उडाली होती. एका मुलीने बटण दाबलं, पडदा उजळला, आणि सगळ्यांनी एकच गिल्ला केला. सर ओरडले नाहीत. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"सर, खरंच देताय?" मॅडमनी दारातूनच विचारलं. "सगळे?"

"न्या हो, सगळे न्या!" सर पाठमोरेच म्हणाले. "कपाटात जागा नको का व्हायला?"

टॅबवरून काढलेलं प्लॅस्टिक त्यांनी शेवटच्या पुठ्ठ्यावर अलगद चढवलं, तो बाकीच्यांशेजारी ठेवला, आणि कपाटाला कुलूप घातलं.